धक्क्यावरचं जुळं

माझ्या छातीवर काळं कार्ड ठेवलं ते माझ्या नातीनं. साऱ्या गावानं ते पाहिलं. मीही पाहिलं, पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात चहाचा कप धरून.

पडद्यावर पडलेली ती बाई म्हणजे मी नव्हे, आणि मीच. कसं ते सांगते.

आमचं कातळबंदर मासेमारीचं गाव. धक्क्याला लागून बर्फाचा कारखाना आहे. पाणी गोठवायला तिथल्या पाइपांतून अमोनिया नावाचा वायू खेळवतात. तो पाइपात आहे तोवर गरीब. बाहेर सुटला की ओल्या जागा शोधत येतो, आणि माणसाच्या अंगात ओल्या जागा म्हणजे डोळे, घसा, फुप्फुसं. आमच्या कारखान्यात असं कधी झालेलं नाही. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या देवस्थळी मॅडम पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा म्हणाल्या, "झालं नाही म्हणजे होणार नाही, असं नसतं."

गजा तांडेल मागून ओरडला, "बाई, हे आम्ही दर्यावर रोज म्हणतो!"

लोक हसले, मॅडमही हसल्या. तिथंच त्यांचं अर्धं काम झालं.

काम असं होतं. गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं वर्षभर मनगटाला एक पट्टा बांधायचा. पट्टा नाडी मोजायचा, श्वास मोजायचा, रक्तात प्राणवायू किती ते बघायचा, आणि माणूस कधी कुठं कसा चालतो तेही टिपायचा. वर्ष सरलं की त्या सगळ्यावरून यंत्र प्रत्येकाचं एक जुळं बनवणार. जुळं म्हणजे फोटो नव्हे. माझं फुप्फुस धुरात मासळी सुकवून जेवढं आटलंय तेवढंच माझ्या जुळ्याचं आटलेलं. मी चढावर जिथं दम घ्यायला थांबते तिथंच तेही थांबणार. मग गावाच्या गल्ल्या, वारा, भरती-ओहोटी हे सगळं यंत्रात घालायचं, त्यात वायू सोडायचा आणि कॉलेजातल्या मुलांना आत पाठवायचं.

मुलं एका शाखेची नव्हती. डॉक्टरकीची, नर्सिंगची, औषधांची, फिजिओथेरपीची, ॲम्ब्युलन्सवर जाणारी, अशी सगळी एकत्र. मॅडमचं म्हणणं, ही मुलं चार-पाच वर्षं वेगवेगळ्या इमारतींत शिकतात आणि एकमेकांची तोंडं पहिल्यांदा बघतात ती मढ्यांच्या राशीपाशी. मग जो तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, आणि डॉक्टर असतो तेवीस वर्षांचा.

पूर्वी अशा सरावाला रबरी बाहुल्या असत, नाहीतर लाल रंग फासून झोपवलेली पोरं. "मुलांना ठाऊक असतं," मॅडम सांगायच्या, "हा मेलेला माणूस सुट्टी झाली की कॅन्टीनमध्ये वडापाव खाणार. त्यामुळे हात कापत नाही. सरावात ज्याचा हात कापला नाही त्याचा खऱ्या वेळी कापतो."

माझी नात तनिष्का त्याच कॉलेजात नर्सिंगला होती. तिसरं वर्ष. तिची आई ती लहान असतानाच गेली, बाप गुजरातकडच्या बोटीवर. तेव्हा तनू माझ्याच हाताखाली वाढलेली. तिच्या कॉलेजचं काम म्हणून मी गल्लीतल्या बायकांना पट्टे बांधायला लावले. "काकी, हा काढून मासळी कापायची का घालून?" असं विचारणाऱ्या रखमाला मी म्हटलं होतं, "बांगड्या काढतेस का? मग हा कशाला?"

जुळ्यांना नाव नसणार, चेहरा नसणार, असा शब्द मॅडमनी दिला होता आणि तो पाळला. चेहऱ्याच्या जागी नुसतं गुळगुळीत काहीतरी.

पण चाल कुठून काढणार?

सराव सुरू होऊन काही दिवस झाल्यावर तो बघायला गावाला बोलावलं, तेव्हा आम्ही दोन गाड्या भरून गेलो. मुलं एका मोठ्या मोकळ्या दालनात होती, डोक्याला टोप, आतला स्पर्श अंगाला जाणवावा म्हणून जाड कोट आणि हातात मोजे. आम्ही शेजारच्या खोलीत पडद्यासमोर. त्या टोपाच्या आत मुलांना जे दिसत होतं ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं: आमचं बंदर, आमचा लिलावाचा कट्टा, वाळत घातलेली जाळी. आणि आमची जुळी.

"अरे, तो गजा! बघ, ढुंगण खाजवत चाललाय!"

"आणि ही रखमा. चालताना मान डावीकडे. यंत्रात गेली तरी सासूवर नजर!"

हसून हसून पोटं दुखली. मग कारखान्याच्या भिंतीपाशी पांढरा धूर उठला आणि भोंगा वाजला.

सगळी जुळी वळली आणि धावत सुटली. धक्क्याकडे. ज्या बाजूनं धूर येत होता त्याच बाजूला.

खोलीत कुणीतरी म्हणालं, "तिकडं कुठं मरायला चाललेत?"

उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. पट्ट्यांच्या वर्षात एकदा वादळाचा भोंगा झाला होता, तेव्हा आम्ही सगळे होड्या बघायला धावलो होतो. आमच्याकडे काहीही झालं तरी माणूस आधी होडीकडे धावतो. यंत्र ते शिकलं होतं. आम्ही स्वतःला आमच्याच पायांनी वायूत शिरताना बघत होतो. एक ठेंगणी म्हातारी, डावा पाय जरा बाहेर टाकत, पाटी डोक्यावर असल्यासारखी मान ताठ धरून, सगळ्यांच्या मागून धावत होती. आमची होडी विकून किती वर्षं झाली. तरी माझं जुळं धावलं. धक्क्याच्या पहिल्या पायरीवर ते कोसळलं.

मुलं आत शिरली. त्यांच्याकडे चार रंगांची कार्डं होती. चालू शकतो त्याला हिरवं. थोडं थांबू शकतो त्याला पिवळं. आत्ताच्या आत्ता हात लावला तर वाचेल त्याला लाल. आणि हाताशी आहे तेवढ्या सामानात आणि वेळात वाचवता येणार नाही, त्याला काळं. तो मेलेला असतोच असं नाही. त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, एवढंच.

कार्डं ठेवत सगळ्यांच्या पुढं होती तनू. पाठमोरी असली तरी मी तिला ओळखलं. ती माझ्या जुळ्यापाशी वाकली. मानेला दोन बोटं लावली, छातीकडे पाहिलं, ओठांवरचा फेस पाहिला. काळं कार्ड ठेवलं. उठली, पुढं गेली. मागं वळून पाहिलं नाही.

"भागीकाकी," गजा हळूच म्हणाला, "नातीनं चुटकीसरशी निकाल लावला की तुझा."

या वेळी कुणी हसलं नाही.

शनिवारी तनू घरी आली. मी बांगड्याचं तिखलं केलं होतं. ती खाली मान घालून जेवत होती.

"मीठ कमी झालंय?"

"नाही गं."

"मग नुसता भात का चिवडतेस?"

तिनं एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"तनू, तिथं तू मला ओळखलंस का?"

"चेहरा नसतो, आजी."

"मी ओळखलं मला. गजानं ओळखलं. रखमानं ओळखलं. तू माझ्या कडेवर वाढलीस, तुला चाल कळली नाही?"

ती ताटावरून उठली, हात धुतला आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. मी तिला हाक मारली नाही. मनात आलं, एवढं शिकवून हेच शिकवलं का मी? आणि त्याच वेळी हेही कळत होतं की तिनं चुकीचं काही केलं नव्हतं. दोन्ही एकदम मनात राहतात. एकानं दुसरं जात नाही.

दुसऱ्या दिवशी तिला न्यायला तिच्या गटातला मुलगा मोटारसायकलवर आला. सुहैल मुकादम, शेजारच्या तालुक्यातला, डॉक्टर होणारा. तनू आत आवरत होती. मी त्याला चहा दिला.

"आजी, ती तुम्हाला काही बोलली नसेल," तो म्हणाला.

"काय बोलायचंय?"

त्यानं आत पाहून आवाज उतरवला. "ती पहिल्या खेपेपासून तुमच्यापाशी थांबायची. कार्ड ठेवायचीच नाही. असेल नसेल तो ऑक्सिजन तुम्हाला लावायची. मी तिच्यावर ओरडायचो, फार्मसीवाली पोरगी रडायची की सिलिंडर संपले. दर खेपेला तुम्ही मरायचात, आणि तुमच्यामागं अजून दोघं-तिघं मरायचे, जे वाचले असते. मॅडम तिला या कामातून काढणार होत्या."

"मॅडमना सांगितलं का नाही, ही माझी आजी म्हणून?"

"सांगितलं असतं तर तिला दुसऱ्या गावावर टाकलं असतं. मला शपथ घातली तिनं. म्हणाली, 'उद्या खरंच झालं तर मला दुसरं गाव देणार आहेत का?'"

मी त्याच्या कपात पुन्हा चहा ओतला. त्याला नको होता, तरी ओतला.

"मग त्या दिवशी कशी गेली पुढं?"

"आदल्या खेपेला एक बाई मेली. लाल कार्डाची. तनिष्का तुमच्यापाशी होती म्हणून, तिच्या डोळ्यांसमोर मेली." त्यानं कप खाली ठेवला. "तुम्ही लोक शेजारच्या खोलीत बघताय हे आम्हाला बाहेर आल्यावर कळलं, आजी. ती त्यानंतर दोन दिवस जेवली नाही."

तनू पिशवी घेऊन बाहेर आली. आम्हा दोघांकडे बघून तिनं ओळखलं. पाया पडली आणि गाडीवर बसली. मी नुसतं "जपून जा" म्हटलं.

गावात मात्र बोलणं वाढत गेलं. देवळासमोर बैठक झाली. गजा तांडेल उभा राहिला.

"तिथं आम्हाला रोज मारतात. आज सकाळी, उद्या दुपारी. माझं जुळं किती वेळा मेलं असेल कुणाला ठाऊक. आपली मढी घेऊन पोरं पास होणार. मी म्हणतो, सगळ्यांनी आपापलं जुळं मागून घ्यायचं."

मागण्याचा हक्क प्रत्येकाला होता. मॅडमनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं. पण निम्मं गाव बाहेर पडलं तर ते यंत्रातलं बंदर रिकामं होणार आणि सराव बंद पडणार, हेही खरं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांना वाटत होतं, लागलंय ते हिला.

"मी आधी तिथं पडून येते," मी म्हटलं. "मग सांगते."

"म्हणजे?"

"जुळ्याच्या जागी मी. त्याला काय होतं ते मला कळू दे."

"काकी, वय काय तुझं?"

"तुझ्या लग्नात नाचले होते तेवढंच. गप बस."

कॉलेजात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. तनूचं आणि माझं नातं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भागीरथीबाई, तुमचं जुळं मी आजच काढून टाकते. तिलाही बरं, तुम्हालाही बरं."

"ते मी पडून आल्यावर ठरवू."

"तुम्हाला त्रास होईल."

"एकदा होईल. तिला रोज होतोय."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग एका डॉक्टरांना बोलावून माझं हृदय तपासून घेतलं आणि हो म्हणाल्या. तनूला सांगायचं नाही, असं मी बजावलं.

माझा बेत साधा होता. आत बोलता येत नाही, जुळ्याचा घसा जळलेला असतो म्हणून यंत्र आवाज देत नाही. मी निपचित पडून राहणार. तनू येईल, कार्ड ठेवील, जाईल. बाहेर आल्यावर मी तिला सांगेन, बघ, मी होते तिथं, आणि मला काही वाटलं नाही. तिच्या मनावरचं ओझं उतरलं की झालं.

मला टोप घातला, कोट घातला, मोजे घातले. आणि मी माझ्या धक्क्यावर पडले होते. वर आभाळ होतं, अगदी आमचं, खाऱ्या हवेनं धुरकटलेलं. कोटानं छाती आवळायला सुरुवात केली. खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पण छातीला ठाऊक नव्हतं. माझ्या बाजूनं पाय धावत गेले, आणखी पाय गेले. कुणी थांबलं नाही. आपण वाटेतला दगड झालो आहोत असं वाटायला लागलं.

मग तनू वाकली. माझ्या टोपाच्या आत तिचा चेहरा मला दिसत होता; मुलांचे चेहरे यंत्रानं ठेवले होते. केसांची एक बट घामानं कपाळाला चिकटली होती. तिची दोन बोटं माझ्या मानेला लागली. तिनं छातीकडे पाहिलं. तिचा दुसरा हात कार्डाकडे गेला.

आणि मी तिचं मनगट धरलं.

मी ठरवून धरलं नाही. तिला मोकळं करायला म्हणून मी तिथं गेले होते. माझ्या हातानं मला विचारलंच नाही. बुडणारा वल्हं धरतो तसं मी ते मनगट धरलं, आणि सोडवेना.

तनू दचकली. जुळी असं कधी करत नव्हती. पडली की पडून राहायची. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग त्या चेहऱ्याकडे, जिथं चेहरा नव्हता.

"आजी?" ती म्हणाली. "तू आहेस?"

मला बोलता येत नव्हतं. मान हलवता आली असती. मी हलवली नाही.

कुठूनतरी सुहैलचा आवाज आला, "तनिष्का, पुढं!"

तिनं माझी करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. मी पुन्हा धरलं. तिनं पुन्हा सोडवलं, एकेक करून, न ओढता, लहान मुलाच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी तसं. शेवटी माझा हात तिनं माझ्याच छातीवर ठेवला, त्यावर क्षणभर आपला तळवा दाबला आणि वर कार्ड ठेवलं. उठली.

"लाल, डावीकडे!" तिचा आवाज माझ्या डोक्यावरून गेला. "सुहैल, ऑक्सिजन इकडे, दोन माणसं उचलायला!"

आवाज जरासुद्धा फाटला नव्हता. मी आभाळाकडे बघत पडले होते आणि मला ती हवी होती. तिनं परत यावं असं वाटत होतं. लाल कार्डाचा जो कुणी असेल तो मरो, असंही एकदा मनात आलं. खोटं कशाला सांगू.

टोप काढला तेव्हा खरी तनू भिंतीपाशी खाली बसली होती. मोजे काढलेले, उजव्या हातानं डावं मनगट चोळत. माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. म्हणायचं ठरवलेलं वाक्य म्हणण्यासारखं राहिलं नव्हतं.

मॅडम पाणी घेऊन आल्या.

"मॅडम, जुळ्यांना हात नाहीत," मी म्हटलं.

"आहेत की, भागीरथीबाई."

"धरणारे नाहीत. माणूस धरतो."

मॅडम तशाच ग्लास धरून उभ्या राहिल्या. मग स्वतःशी बोलल्यासारख्या बोलू लागल्या. पट्ट्यानं नाडी मोजली होती, श्वास मोजला होता, पावलं मोजली होती. जीव जाताना हात काय करतो, ते मनगटाच्या पट्ट्याला कळायला गावात तसं कुणी मरावं लागलं असतं. जे मोजलं नव्हतं ते यंत्रानं शून्य धरलं. म्हणून इतके दिवस मुलं ज्यांना मागं सोडायला शिकली ती आपणहून सुटणारी माणसं होती.

"तुमचं जुळं काढू का?" त्यांनी शेवटी विचारलं.

मी तनूकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही, पण हलवली. नाही.

"राहू दे," मी म्हटलं. "पण त्याला हात द्या."

देवळासमोर मी जसं झालं तसं सांगितलं, मी धरलं तेही. गजा तांडेलनं तरीही आपलं जुळं काढून घेतलं. तो त्याचा हक्क, त्यावरून आमचं वैर नाही. बाकीच्यांपैकी थोडे गेले, बरेच राहिले. भोंगा झाला तर कातळावरच्या शाळेकडे चढायचं, हे आता गाव दर महिन्याला घोकतं. अजूनही पहिल्या क्षणाला सगळ्यांचे पाय समुद्राकडे वळतात, मग कुणीतरी शिवी हासडतो आणि वळवतो.

नवे हात असलेली जुळी आली त्या आठवड्यात कॉलेजचा सगळा सराव कोसळला. सुहैल एका म्हाताऱ्यापाशी अडकून बसला. फिजिओथेरपीचा एक उंच मुलगा टोप फेकून बाहेर गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही. सगळ्या शाखा, सगळे गट नापास.

संध्याकाळी तनूचा फोन आला तेव्हा तिनं हे सांगितलं.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी गेले पुढं. आम्हा सगळ्यांत मी एकटीच."

"जड गेलं?"

पलीकडे वसतिगृहातल्या मुलींचा गलका ऐकू येत होता.

"आजी, यंत्राकडे खऱ्या माणसाची पकड एकच आहे. त्या दिवशी तुझ्या मोज्यांनी टिपलेली. मॅडमनी तीच सगळ्यांना दिलीय. सगळ्या गावाला." तिचा श्वास मला ऐकू आला. "म्हातारा असो, पोरगा असो, कुणीही असो. ज्याला ज्याला काळं कार्ड ठेवते, तो तुझ्या हातानं धरतो."

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.